कूड: मुंबईत भाड्यानं घेतलेलं गाव

आजचा भाग खराडीत रेकॉर्ड होतोय, पण गोष्ट आहे मुंबईच्या धोबी तलावची. थोडीशी पुण्याचीही आहे, ती शेवटी येईल.

खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. आज ईऑन आयटी पार्कच्या बाहेर संध्याकाळी चहा प्यायला उभे राहा. तेलुगू, ओडिया, बंगाली, हिंदी सगळं कानावर पडतं, मराठी अधूनमधून. नवीन आलेल्या पोराला पीजी लगेच मिळतो. डिपॉझिट भरा, किल्ली घ्या. पण दोन दिवस ताप आला तर? शेजारच्या कॉटवरच्याला तुमच्या गावाचं नावही माहीत नसतं. म्हणून मला शोधायचं होतं की परक्या भाषेच्या शहरात आलेल्या माणसाला पूर्वी सांभाळायचं कोण?

जगात बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच सापडतं: आधी आलेले लोक. न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर स्पॅनिश बोलणाऱ्यांची वस्ती होती, तिथल्या मदत मंडळाची स्थापना १८६८ ची. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये १८९४ साली मेक्सिकन वंशाच्या लोकांनी 'अलियान्सा इस्पानो-अमेरिकाना' काढली. वर्गणी भरायची, अडचणीला एकमेकांना धरून राहायचं, आणि कुणी गेलं तर घरच्यांच्या हातात काही रक्कम पडायची.

आपल्याकडे हेच काम केलं गोव्याच्या माणसांनी. आणि त्यांनी जे उभं केलं त्याला म्हणतात कूड. मराठीत कूड म्हटलं की कुडाची भिंत आठवते. कोंकणीत कूड म्हणजे खोली.

तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा. तिथे नोकऱ्या नाहीत, आणि इकडे ब्रिटिशांच्या मुंबईत बोटी, हॉटेलं, क्लब, बँड. गोव्याची पोरं खलाशी झाली, बोटीवर कुक आणि स्टुअर्ड झाली, कुणी शिंपी, कुणी व्हायोलिन वाजवणारा. बोलायला कोंकणी, कागदपत्रं पोर्तुगीज, आणि समोर इंग्रजी-हिंदुस्तानी-मराठी बोलणारं शहर. मग एकेका गावच्या लोकांनी मिळून जागा भाड्यानं घेतली. धोबी तलाव, माझगाव, डोंगरी या भागांत अशा शेकडो कुडी होत्या. मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महाल या जुन्या इमारतीत तर एकाच छपराखाली अनेक गावं नांदली.

आत काय असायचं? एक मोठी खोली. भिंतीला लागून ओळीनं पेट्या, प्रत्येक सभासदाची एक. कोपऱ्यात गावच्या संताची वेदी. झोपायला जमिनीवर चटई. महिन्याला किरकोळ वर्गणी. मला यात सगळ्यात भारी वाटते ती पेटी. खलाशी बोटीवर गेला तरी पेटी कुडीतच राहायची. महिनोन्‌महिने माणूस समुद्रात, पण शहरात त्याची एक जागा पक्की आहे, हे त्या पेटीवरून कळायचं! परत आला, पुढच्या बोटीची वाट बघायची आहे, तर हॉटेलचा खर्च नाही. गावाहून पहिल्यांदाच आलेल्या पोराला नोकरी कुठे विचारायची, कुठल्या कचेरीत जायचं, हे सांगणारा शेजारच्या चटईवर बसलेला. गावच्या संताचं फेस्त आलं की ते इथंही साजरं व्हायचं.

नियम मात्र कडक. रोज रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सगळ्यांनी एकत्र म्हणायची. दारू बहुतेक ठिकाणी बंद. बायकांना सहसा प्रवेश नाही. आजच्या पीजीवाल्या काकू आठवल्या ना? पण फरक आहे. इथे नियम घरमालकाचे नव्हते, सभासदांनी निवडलेल्या कमिटीचे होते.

आणि एक गोष्ट गोड कौतुकाच्या लेखांमधून सुटते. कुडीत शिरायचं तर त्या गावचं असावं लागे. एवढंच नाही, काही गावांच्या एकाहून जास्त कुडी होत्या, कारण जाती वेगळ्या. धर्म बदलला, शहर बदललं, तरी जात पेटीबरोबर आली. ज्यानं तुम्हाला सांभाळलं, त्यानंच दुसऱ्या कुणाला दाराबाहेर ठेवलं, हे दोन्ही खरं आहे. मला तरी यातलं एकच सांगून पुढं जाता येत नाही.

कुडीची खरी परीक्षा १९५५ साली झाली असावी, असं मला वाटतं. गोवामुक्तीचा लढा तापला, भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली. मुंबईतल्या गोंयकाराला घरी जाणं महाकठीण झालं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत अनेकांसाठी जवळचं गाव म्हणजे धोबी तलावचा तो जिना आणि वरची खोली.

कुडी अजून आहेत, पण कमी झाल्यात. जुन्या पागडीच्या इमारती, रिडेव्हलपमेंटची टांगती तलवार, आणि गोव्यात राहूनच काम मिळवणारी नवी पिढी.

मुंबईतल्या या गोंयकारांनी नुसता निवारा उभा केला नाही, बरं का. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग गोव्यात नाही, मुंबईत झाला: १७ एप्रिल १८९२, न्यू आल्फ्रेड थिएटर, नाटक 'इटालियन भुरगो'. माणूस एकटा नसला की त्याला नाटकही सुचतं.

आता पुण्याचं देणं. कोंकणीतलं पहिलं नियतकालिक 'उदेंतेचें साळक', म्हणजे पूर्वेचं कमळ, एदुआर्द ब्रुनो द सौझा यांनी १८८९ मध्ये काढलं. कुठून? पणजीहून नाही, मुंबईहूनही नाही. पुण्याहून! त्यात कोंकणीबरोबर पोर्तुगीजही होती. टिळकांचा 'केसरी' ज्या शहरात छापला जात होता, त्याच शहरात. पुण्यात तेव्हा हे वाचणारे कोण होते, यावर पुढचा भाग करतोय. तुमच्या घरात कुणी कुडीत राहिलं असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, कोंकणीत असला तरी चालेल.