दाजीपूरचे हिवाळी पाहुणे आणि इतिहासाची कोरी पाने

कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस, फोंडा घाटाच्या माथ्याशी दाजीपूरचे जंगल पसरले आहे. या जंगलाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुधा राजाच्या आणि गव्याच्या अनुषंगाने. आमचा विषय आकाराने फार लहान आहे : कार्तिक सरता सरता येथे मुक्कामाला येणारे आणि शिमग्याच्या आगेमागे निघून जाणारे स्थलांतरित पक्षी, आणि इतिहासाने त्यांची न घेतलेली दखल.

दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव रान. राजर्षी शाहू महाराजांचे (१८७४–१९२२) शिकारप्रेम सर्वश्रुत आहे. चित्त्याकरवी काळविटाची शिकार करण्याची परंपरा तर संस्थानात अशी मुरलेली होती की, देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले. त्याच महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. ते पूर्ण होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडला. राजाने रान राखले, हे म्हणणे खरेच आहे. परंतु ते शिकारीसाठी राखले, आणि राखीव रान म्हणजे भोवतालच्या रयतेच्या कुऱ्हाडीवर व गुरांवर बंधन, हेही तितकेच खरे आहे.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५८ साली दाजीपूरला अभयारण्याचा दर्जा मिळाला, तोही गव्याच्या नावाने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे युग कायद्याने संपले. १९८५ साली राधानगरी वन्यजीव अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत विस्तारले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. बंदुकीकडून संरक्षणाकडे झालेला हा प्रवास ठळक आहे. मात्र त्याच्या प्रत्येक टप्प्यावर केंद्रस्थानी मोठे जनावरच राहिले.

शिकार आणि पक्षिनिरीक्षण यांचे नाते वरवर दिसते तितके विरोधाचे नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींत शिकारी पुष्कळ होते. खुद्द सालिम अली (१८९६–१९८७) पक्ष्यांकडे वळले ते बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या, पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. त्या काळी पक्ष्याची ओळख पटवायची तर तो बहुधा हातात, म्हणजे मृत, असावा लागे. दुर्बिणीने ही अट काढून टाकली. परंतु शिकाऱ्याची नजर ज्याला मोल देते त्याचीच नोंद ठेवते. वाघ किती, गवे किती, हे लिहिले जाई. चिमूटभर वजनाचा वटवट्या लिहून ठेवण्याचे त्याला कारणच नव्हते.

आणि हिवाळ्यातील दाजीपूर तर अशाच नगण्य जीवांचे. धनेश, शीळकरी कस्तूर, कर्णा हे येथील बाराही महिन्यांचे रहिवासी. हिमालयात वीण उरकून आलेला निळ्या डोक्याचा कस्तूर मात्र पाहुणा. ओढ्याकाठी शेपूट हलवीत फिरणारा करडा धोबीही उत्तरेकडचा. हिरवट वटवट्या तर पानांआड दिसतही नाही. त्याचा बारीक आवाज तेवढा कानी येतो. सावराईच्या सड्यावरचे गवत पिवळे पडत असताना निमसदाहरित रानाची दाट सावली या पाहुण्यांना कीटकांचे अन्न आणि आसरा पुरविते. एक रान तुटले तर हजारो मैलांपलीकडच्या विणीवर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच त्यांचा इतिहास एका जिल्ह्यापुरता राहत नाही.

हा इतिहास लिहावयाचा कशाच्या आधारे? भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला. तथापि दीर्घकालीन कल सांगता आला तो केवळ ३३८ जातींचा, आणि त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या जातींविषयी जुन्या नोंदींचा पुरेसा आधारच नाही. काय होते हे कोणी लिहिलेच नसेल तर काय गेले हे कोणत्या तोंडाने सांगणार? जो समाज इतिहासप्रेमाचा एवढा अभिमान बाळगतो, त्याच्या दप्तरांतील ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

सुदैवाने ती भरून काढण्यास राजाश्रय लागत नाही. तारीख, वेळ, जागा आणि पाहिलेल्या पक्ष्यांची संख्या, एवढे लिहिले तरी पुरे. एका महाविद्यालयाने एका ओढ्याची नोंदवही वीस हिवाळे अखंड चालविली, आणि जंगलालगतच्या गावांतील जाणत्यांकडून पक्ष्यांची नावे तीत उतरवून घेतली, तर ते दाजीपूरच्या इतिहासाचे अस्सल साधन ठरेल. पुढील अभ्यासकाला निदान तुलनेसाठी एक पान सापडेल.