मिश्र युद्धकलेंतील वजनी गट

आखाड्यांत जोड लावतांना जाणता पंच प्रथम वजनाकडे पाहतो. कारण विषम जोडींत कौशल्याची खरी परीक्षा होत नाहीं. ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या नांवानें जगभर पसरलेल्या मिश्र युद्धकलेनें हा धडा उशिरां घेतला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं यू.एफ.सी. या संस्थेची पहिली स्पर्धा भरली, तेव्हां वजनाचें कोणतेंच बंधन नव्हतें. सुमारें ८० किलो वजनाचा ब्राझीलचा रॉइस ग्रेसी तींत विजयी झाला, आणि पुढच्या वर्षीं त्यानें आपल्याहून कितीतरी जड अशा डॅन सेव्हर्नलाही शरण आणलें. विद्या वजनावर मात करते, असें लोकांना वाटलें. पण तीच विद्या जड मल्लही शिकले, आणि वजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९९७ मध्यें दोन गट पडले. पुढें वाढत वाढत पुरुषांचे आठ झाले.

गट पाडल्यानें लढती न्याय्य झाल्या. परंतु प्रत्येक गटांत गुणी मल्ल सारखेच असतील, असें मात्र झालें नाहीं. याचें कारण मनुष्याच्या देहांतच आहे. व्यायामानें कसलेल्या पुरुषांचें वजन बहुधा मध्यम असतें. म्हणून १५५ पौंडांचा लाइटवेट व १७० पौंडांचा वेल्टरवेट या गटांत देशोदेशींच्या मल्लांची दाटी होते. तेथें दहावा मल्लही पहिल्याला पाणी पाजूं शकतो.

हेवीवेटची गोष्ट निराळी. १२५ पासून १५५ पौंडांपर्यंतचे गट दहा दहा पौंडांच्या अंतरानें आहेत. हेवीवेट मात्र २०५ च्या वरून थेट २६५ पर्यंत पसरलेला आहे. क्षेत्र एवढें मोठें, तरी मनुष्यबळ थोडें! इतक्या थोर देहाचीं माणसें मुळांतच विरळ. त्यांतून अमेरिकेंत अशा तरुणांना फुटबॉल व बास्केटबॉल हे खेळ अधिक द्रव्य देऊन ओढून नेतात. याचा परिणाम असा, कीं २००७ मध्यें रँडी कूटूर ४३ व्या वर्षीं, तर २०१८ मध्यें डॅनियल कॉर्मिए ३९ व्या वर्षीं या गटाचे विजेते होऊं शकले. त्यांचें कर्तृत्व उणें नाहीं. पण चपळाईवर चालणाऱ्या हलक्या गटांत या वयीं शिखर गांठणें फार कठीण. स्त्रियांच्या १४५ पौंडांच्या गटांत तर ही टंचाई अधिकच उघडी पडली. २०१७ मध्यें सुरू झालेला तो गट २०२३ मध्यें विजेती अमांडा नुनेस निवृत्त होतांच ओसाड पडला.

१२५ पौंडांच्या फ्लायवेटवरील संकट मात्र निराळ्या जातीचें होतें. आशिया व लॅटिन अमेरिका येथें अशा देहयष्टीचीं माणसें विपुल आहेत. २०१२ मध्यें सुरू झालेल्या या गटांत डिमेट्रियस जॉन्सननें सलग ११ वेळां विजेतेपद राखलें. त्यावरून कित्येकांनीं गटच दुबळा ठरविला. २०१८ मध्यें ऑलिंपिक कुस्तींतील सुवर्णपदकविजेता हेन्री सेहुडो यानें त्याला हरविलें, आणि त्याच वर्षीं अनेक फ्लायवेट मल्लांना संस्थेनें निरोप दिला. त्यांत मेक्सिकोचा ब्रँडन मोरेनो होता. गट कसाबसा वांचला, मोरेनो परत आला, आणि २०२१ मध्यें विजेता झाला. मेक्सिकोंत जन्मलेला तो पहिला यू.एफ.सी. विजेता होय. ज्याला काढून टाकलें, तोच पुढें विजेता ठरला. तेथें गुणांची वानवा नव्हती. पाहणाऱ्यांच्या दृष्टीची होती.

हलक्या मल्लाची ही उपेक्षा महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीं. कुस्तीच्या फडांत गर्दीचे डोळे भारी मल्लाकडे लागलेले असतात; पण १९५२ मध्यें हेलसिंकी येथें स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे बँटमवेट या हलक्या गटाचेच मल्ल होते.

म्हणून विजेत्याची थोरवी ठरवितांना त्याच्या वजनापेक्षां त्याच्यामागें रांगेंत किती जण उभे होते, हें पाहावें. आणि रांग लहान दिसली, तर ती मुळांतच लहान होती, कीं कोणी मध्येंच तोडली, हेंही विचारावें.