दिनविशेष : २९ एप्रिल
भीमसेनेची स्थापना (१९६८)

हैदराबादचे दलित नेते बी. श्यामसुंदर यांनी १९६८ साली आजच्या दिवशी गुलबर्गा येथे भीमसेना स्थापन केली. श्यामसुंदर मूळचे निजाम राज्यातल्या औरंगाबादचे, पण त्यांचे राजकारण घडले हैदराबादेत. दलित, मुस्लिम आणि इतर अल्पसंख्याक एकत्र आल्याशिवाय कुणालाच न्याय मिळणार नाही, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. दलितांना ते ‘मूलभारती’, म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी, म्हणत. भीमसेनेच्या मागण्या थेट होत्या : गावोगावचा अत्याचार थांबवण्यासाठी दलितांच्या स्वतंत्र वसाहती, स्वतंत्र मतदारसंघ आणि स्वतंत्र विद्यापीठ.

त्यांची वाट वादाची होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन न झालेल्या हैदराबाद संस्थानाची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात ते होते. त्याच काळात मराठवाड्यातली गावे रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे, अत्याचार सोसत होती. दलितांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच बजावले होते. ती भूमिका योग्यच होती, कारण राजाशी केलेला समझोता म्हणजे जनतेची एकजूट नव्हे.

तरीही पीडितांनी पीडितांच्या पाठीशी उभे राहावे, हा श्यामसुंदर यांचा आग्रह मोलाचा आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’पासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली. त्याच्या चार वर्षे आधी दक्षिणेत भीमसेनेने दलित तरुणांना संघटित केले होते. मराठवाड्याच्या या सुपुत्राची नोंद महाराष्ट्राने ठेवायलाच हवी.