दोन पाहुणे आणि नगरची शाळा

१/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) मिशन शाळा पाहावयास दोन पाहुणे आले. एक पुण्याहून, दुसरा बॉस्टनहून. पहिल्याने परत जाऊन एक शाळा उघडली. दुसऱ्याच्या भेटीनंतर एक शाळा बंद झाली. या थ्रेडमध्ये त्या दोन भेटींचा इतिहास पाहू.

२/ आधी पार्श्वभूमी. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांच्या कार्याला पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव मिळाले. १८३१मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे वसविले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तेथूनच निघू लागले.

३/ सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या. बोर्डाने परदेशी धाडलेल्या त्या आरंभीच्या अविवाहित स्त्रियांपैकी एक. १८३९पासून १८६२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगरला मुलींना शिकविले. मुलीला अक्षर शिकविणे हेच पाप मानले जाण्याचा तो काळ.

४/ ही मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. ही प्रेरणा नगरच्या शाळेवरून मिळाली, असे त्यांनी १८५३ साली ‘ज्ञानोदया’त स्वतः नमूद केले आहे. शाळा काढणाऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. जोतीरावांनी तिच्यातून शिक्षण तेवढे उचलले.

५/ आता दुसरा पाहुणा. रूफस अँडरसन हे १८३२पासून बोर्डाचे परराष्ट्र सचिव. दूरदेशीच्या मिशन ठाण्यांचा पत्रव्यवहार त्यांच्या हातून होई. १८५४च्या अखेरीस ते सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन यांच्यासह भारतात आले. मिशनच्या इतिहासात या दोघांना ‘डेप्युटेशन’ म्हणतात.

६/ अँडरसन यांचा हिशेब स्पष्ट होता. मिशनचे काम उपदेश करणे आणि मंडळ्या उभारणे. शाळा हे त्याचे साधन. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरीत जातो, शाळेत शिकविणारे पुष्कळ मास्तर स्वतः हिंदू असतात, आणि खर्चाच्या मानाने धर्मांतरे मूठभर. मग इंग्रजी शाळा चालवावी कशासाठी?

७/ भेटीचा परिणाम लवकरच दिसला. नगरची इंग्रजी शाळा बंद झाली आणि भर मराठीतील शिक्षणावर आला. जाफन्यातील तमिळ मुलांसाठी १८२३ साली स्थापन झालेले बट्टिकोटा विद्यालयही १८५५ साली बंद करण्यात आले. दोन देशांतील मुलांचे भवितव्य एकाच दौऱ्यात ठरले.

८/ मात्र अँडरसन यांना खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. एतद्देशीय मंडळीचा कारभार एतद्देशीयांनीच पाहावा, परक्याने कायमचे तळ ठोकू नये, हा त्यांचा आग्रह होता. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली, तीही १८५४ सालीच. मराठी माणसाच्या हाती मंडळी सोपविणारे धोरण आणि मराठी मुलाच्या हातून इंग्रजी पुस्तक काढून घेणारे धोरण एकाच डोक्यातून निघाले होते.

९/ काळाचा योगही पाहा. जुलै १८५४मध्ये वुडचा खलिता निघाला. खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले. वरच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा रस्ता इंग्रजीतून जाणार, हे उघड होते. पालकांना ते कळत होते. मिशनला जी गळती वाटे, तीच पालकांच्या लेखी शाळेची कमाई होती.

१०/ विरोध झाला नाही असे नाही. मार्च १८५६मध्ये अमेरिकेत ऑल्बनी येथे बोर्डाची खास सभा भरली. या दोघांनी आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेतले, अशी टीका होत होती. कोल्हापूरला १८५२ साली ठाणे उघडणारे रॉयल वाइल्डर हे शाळांचे खंदे कैवारी. वाद चिघळला, बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. १८६१ साली ते स्वतंत्रपणे कोल्हापूरला परतले. त्याच वर्षी मिशन शाळांच्या बाजूने त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७०मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनला जोडले गेले.

११/ पुढे काय झाले? बट्टिकोटाच्या जागी १८७२ साली जाफना कॉलेज उभे राहिले. त्यामागे स्थानिक ख्रिस्ती समाजाची मागणी होती. नगरला १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. पाहुण्यांनी मिटविलेली वाट गावकऱ्यांनीच पुन्हा पाडली. पण मधल्या पिढ्यांतील मुलांना ती वर्षे कोणी परत दिली नाहीत.

१२/ दोन्ही पाहुण्यांना नगरमध्ये अभ्यास करणारी मुलेच दिसली. जोतीरावांनी विचार केला तो आपल्या गावच्या मुलींना हे कसे मिळेल याचा. अँडरसन यांनी विचार केला तो यातून संस्थेच्या हाती काय लागते याचा. नगरच्या मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना काय हवे होते, या प्रश्नाला मात्र बॉस्टनच्या हिशेबात रकानाच नव्हता.

१३/ आपल्या गावात मिशनची जुनी शाळा असेल तर तिचा इतिहास जरूर काढा. शाळा कोणी सुरू केली ते दारावरच्या पाटीवर सापडेल. मधल्या काळात तिथला एखादा वर्ग बंद झाला असल्यास तो कोणाच्या शब्दावरून, हेही शोधा. पाटीवर ते लिहिलेले नसते.