कार्ल : गड्याचा राजा कसा झाला?

बेबी-नेमच्या कुठल्याही साइटवर 'कार्ल' हे जर्मन नाव टाकून बघा. अर्थ येतो, 'स्वतंत्र पुरुष'. संपलं! पण मंडळी, या दोन शब्दांच्या मागे बाराशे वर्षांची जाम इंटरेस्टिंग भानगड आहे.

जुनी जर्मन नावं बहुतेक जोडनावं असायची. दोन भारदस्त शब्द घ्यायचे आणि चिकटवायचे. फ्रीडरिश म्हणजे शांतता अधिक सत्ताधीश, लुडविग म्हणजे कीर्ती अधिक युद्ध, विल्हेल्म म्हणजे इच्छाशक्ती अधिक शिरस्त्राण. या थाटामाटात 'कार्ल' अगदीच साधं. जुन्या जर्मनमध्ये हा शब्द नुसत्या पुरुषमाणसासाठी, नवऱ्यासाठी वापरत. आजच्या जर्मनमधला 'केर्ल' हा त्याचाच भाऊबंद. आपण 'गडी' म्हणतो ना, तसा.

इंग्लंडमध्ये याच शब्दाचं रूप होतं 'चेओर्ल'. सरदाराच्या खाली आणि गुलामाच्या वर असलेला स्वतंत्र शेतकरी. त्याची किंमत किती? तेव्हा कोणाचा खून झाला की मारणाऱ्याने मृताच्या घरच्यांना ठरलेली भरपाई द्यायची. वेसेक्सच्या राज्यात सरदारासाठी १२०० शिलिंग, चेओर्लसाठी २००. म्हणजे एका सरदाराच्या जिवाला सहा गडी!

आता खरी गंमत. फ्रँक लोकांच्या एका बड्या घराण्यात हे साधं नाव शिरलं. आधी कार्ल मार्टेल, म्हणजे 'हातोडा'. मग त्याचा नातू कार्ल, जो ७६८ मध्ये राजा झाला आणि ८०० च्या नाताळात रोममध्ये पोपच्या हातून सम्राट. इंग्रजी पुस्तकांतला शार्लमेन तो हाच. ८१४ मध्ये आखेनला तो वारला, तेव्हा पश्चिम युरोपचा मोठा भाग त्याच्या ताब्यात होता.

त्याच्या पूर्वेला स्लाव्ह लोक राहायचे. त्यांना एवढा मोठा राजा माहीत झाला तो 'कार्ल' नावानेच. मग बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते, त्यांच्या भाषेत हे नावच 'राजा'चा शब्द होऊन बसलं. चेक भाषेत 'क्राल', पोलिशमध्ये 'क्रूल', रशियनमध्ये 'कोरोल'. हंगेरियन लोकांनी तो स्लाव्हांकडून उचलला आणि 'किराय' केला. सीझर या रोमन नावाचंही असंच झालं होतं. त्यातून जर्मन 'कैसर' आला आणि रशियन 'झार'.

आणि इंग्लंडमध्ये? तिथे चेओर्लचा दर्जा घसरत गेला आणि त्याच्यासोबत शब्दही. आज 'चर्ल' म्हणजे उद्धट, गावंढळ माणूस. पण तोच 'कार्ल' फ्रेंचमधून 'चार्ल्स' बनून आला आणि थेट सिंहासनावर बसला! १६६१ च्या लग्नाच्या करारात ज्याला पोर्तुगीजांकडून आपली मुंबई मिळाली आणि ज्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली, तो दुसरा चार्ल्स नावाच्या अर्थाने बघितलं तर 'गडी'च.

मूळ शब्द एकच. एका देशात तो शिवी झाला, दुसऱ्या देशात राजा. फरक शब्दात नव्हता, तो कोणाला चिकटला त्यात होता. ट्रिअरमध्ये १८१८ साली जन्मलेल्या एका मुलाचं नावही कार्लच ठेवलं होतं. आडनाव मार्क्स. सगळ्या राजेलोकांची झोप उडवणारा!

तेव्हा बाळासाठी अर्थपूर्ण नाव शोधायला रात्र-रात्र जागणाऱ्या आई-बाबांनो, जरूर शोधा. फक्त साइटवरचा अर्थ म्हणजे नावाचा जन्मदाखला. पुढचं सगळं बाळ बघून घेईल.