पाचशे मिलीचा हिशोब

तर मंडळी, गोष्ट स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवरची आहे आणि वेळ आहे पहाटे साडेचारची. आदल्या रात्री आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. रिलीज म्हणजे काय हे आयटीतल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: लग्नाच्या मांडवाला आग लागल्यावर जी पळापळ होईल, ती दर महिन्याला तारीख ठरवून करायची! साडेतीनला सगळं मार्गी लागलं. शनिवार-रविवार घरी काढावा म्हणून पहिल्या गाडीने साताऱ्याला जायचं ठरवलं आणि रिक्षा करून थेट स्टँड गाठला.

बाकड्यावर टेकलो आणि लक्षात आलं की छातीत धडधडतंय. जिने चढल्यावर धडधडतं तसं नाही. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा, मग पुढचे तीन घाईघाईत यायचे. हात थरथरत होते. शेजारी एक कंडक्टर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय ओ, बरं वाटत नाही का? रात्री काय खाल्लंय?"

"खाल्लं नाही काका, प्यायलोय."

त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती मी जन्मात विसरणार नाही. "तसलं नाही हो, एनर्जी ड्रिंक!" असा खुलासा मी घाईघाईनं केला. त्यावर ते म्हणाले, "ते तर त्याहून वाईट." आणि पाण्याची बाटली पुढे केली.

साताऱ्याला पोचल्यावर आईनं अर्थातच डॉक्टरांकडे पिटाळलं. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "काल दिवसभरात कॅफीन किती गेलं पोटात?" आणि मी गप्प. आमच्या सर्व्हरवर दर मिनिटाला किती लोड आहे हे मी झोपेत सांगेन, पण स्वतःवर किती लोड टाकला याचा पत्ता नाही.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "कुणी नाक दाबून पाजलं होतं का तुला? डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. वाचायचं की!" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण गंमत अशी की मी ते वाचलं होतं. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, असं त्यावर होतं. २५० मिलीचे दोन डबे म्हणजे बरोब्बर ५०० मिली. नियम पाळला, तरी सिस्टिम कोसळली! मग चूक कुठे होती? अशा वेळी आम्ही लोक कोडची जुनी नोंदवही उघडतो. कुठली ओळ कुणी, कधी आणि का लिहिली ते बघतो. या वीकांताला तेच केलं, कोडऐवजी कॅफीनचं.

सुरुवात चहापासून करावी लागते. आज चहा आपल्याला इतका 'आपला' वाटतो की तो शिवरायांच्या काळापासून असावा असा समज होतो. पण आसामात इंग्रजांनी मळे घातले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तो चहा मुख्यतः विलायतेला जायचा. भारतीय माणसानं चहा प्यावा म्हणून पद्धतशीर मोहीम काढावी लागली. १९०३ साली टी सेस कायदा झाला. मळ्यांतून निर्यात होणाऱ्या चहावर छोटासा कर बसवायचा आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने आणि खाणींत चहाचे स्टॉल आले. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याचे फलक लागले. लोकांना फुकट कप पाजले गेले. थकलेल्या कामगाराला दोन मिनिटं विश्रांती आणि तरतरी मिळेल, हा त्यातला युक्तिवाद. ओळखीचा वाटतो का? आमच्या ऑफिसच्या पँट्रीतलं फुकट कॉफीचं मशीन त्याच घराण्यातलं आहे :-)

पुढे सी.टी.सी. पद्धत आली. पानं चुरडून, फाडून बारीक दाणे करायचे. हा चहा स्वस्त आणि कडक, थोड्या पावडरीत जास्त कप होणारा. आपल्या अमृततुल्यांच्या पितळी पातेल्यात आलं-वेलदोड्यासोबत जो उकळतो, तो बहुधा हाच.

चहाला विरोध करणारेही होतेच. त्यातला एक मोठा धागा तर आपल्या पुण्यातच सापडतो. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना अटक करून येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. १५ ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले. त्यानंतर दोनच आठवड्यांत, २८ ऑगस्टला, गांधीजींनी एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं आणि १८ डिसेंबरला पुरं केलं. 'आरोग्याची किल्ली' या नावानं आपण ते ओळखतो. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आरोग्यावर एक लेखमाला लिहिली होती, तिचाच विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला. बाहेर 'चले जाव' पेटलेलं, आत हा माणूस हवा, पाणी, अन्न यांवर लिहितोय, आणि त्यात चहा-कॉफी-कोकोवर एक वेगळं प्रकरण!

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या तिन्हींतलं काहीही शरीराला आवश्यक नाही. चहातलं टॅनिन पोटाला बरं नाही. चहानं पोषण होतंसं वाटतं ते त्यातल्या दूध-साखरेमुळे. टॅनिनबद्दलचं सगळंच आजचं विज्ञान तसंच्या तसं मान्य करेल असं नाही. पण शेवटचा मुद्दा मला फार आवडला, कारण तो एनर्जी ड्रिंकला जसाच्या तसा लागू पडतो. डब्यात 'एनर्जी' म्हणजे ऊर्जा असते ती साखरेची. कॅफीन ऊर्जा देत नाही. मग ते नेमकं करतं काय?

१८१९ साली रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला महाकवी गटेनं कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितलं. रुंगेनं त्यातून कॅफीन वेगळं काढलं. ते काम कसं करतं हे कळायला मात्र विसावं शतक उजाडलं. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरावीक जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफीनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता, म्हणून ते त्या जागा आधीच अडवतं. स्वारगेटला गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं! अ‍ॅडिनोसिनचे प्रवासी गाडीत चढतच असतात, फक्त त्यांना बसायला जागा मिळत नाही. काही तासांनी रुमाल उचलले जातात आणि ताटकळलेले सगळे प्रवासी एकदम बसतात. थकवा कुठेही गेलेला नसतो, तो गाडीत उभा असतो. म्हणून रात्रभर गाडी हाकणाऱ्यानं कॅफीनला झोपेचा पर्याय समजणं धोक्याचं.

गंमत म्हणजे एनर्जी ड्रिंकचा जन्म अशाच लोकांसाठी झाला. जपानमध्ये १९६२ साली लिपोव्हिटान-डी नावाचं छोट्या बाटलीतलं टॉनिक आलं. थायलंडमध्ये १९७०च्या दशकात चालियो युविध्या यांनी 'क्रातिंग दाएंग', म्हणजे लाल रानबैल, बाजारात आणलं. ट्रकचालक आणि मजूर त्याचे गिऱ्हाईक. डिट्रिश माटेशिट्झ नावाच्या ऑस्ट्रियन विक्रेत्याला ते तिथे सापडलं. दोघांनी मिळून १९८४ साली कंपनी काढली आणि १९८७ साली ऑस्ट्रियात रेड बुल आलं. ट्रकचालकाचं पेय आता पार्टी, मोटार शर्यती आणि पुढे रात्री जागणाऱ्या आमच्यासारख्यांचं झालं. सगळीकडे स्वागत झालं असं नाही. फ्रान्सनं २००८ पर्यंत त्याला मूळ स्वरूपात येऊ दिलं नव्हतं.

आपल्याकडे बराच काळ या पेयांसाठी स्वतंत्र मानकच नव्हतं. २०१५ साली, मॅगीचा गदारोळ चालू होता त्याच सुमारास, एफ.एस.एस.ए.आय.नं काही एनर्जी ड्रिंकची परवानगी काढून घेतली. कॅफीन आणि जिनसेंग एकत्र घालणं अशास्त्रीय आहे, हे कारण होतं. मग २०१६ मध्ये कॅफीनयुक्त पेयांची मानकं आली: लिटरमागे किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन. (१४५ ही साध्या कोल्ड्रिंकची वरची मर्यादा. ते जिथे संपतं तिथे हे सुरू होतं.) मुलं, गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आणि कॅफीन न सोसणारे यांनी घेऊ नये, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर जाऊ नये, ही सूचनाही त्याच नियमांतली. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं की शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी करू.

आता माझ्या हिशोबाकडे येतो. ३०० मिलिग्रॅमच्या मर्यादेनं २५० मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम कॅफीन. दोन डबे म्हणजे १५०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही असं म्हटलंय. गरोदर स्त्रीसाठी दिवसभरात मिळून २००. मग १५० मध्ये घाबरण्यासारखं काय?

काहीच नाही, जर दिवसभरात फक्त तेच घेतलं तर. पण त्या दिवशी सकाळी घरचा चहा, मग टपरीवरचे दोन. चहाच्या कपात साधारण ४० धरले (पावडर आणि उकळण्यावर कमी-जास्त होतं) तर १२०. मशीनची कॉफी चार वेळा, ७०च्या हिशोबानं २८०. त्यात डब्यांचे १५०. एकूण ५५०! त्यातही रात्री बारा ते दीडच्या दरम्यान दोन डबे आणि शेवटची कॉफी, म्हणजे २२० दीड तासात, रिकाम्या पोटी, झोप नसताना. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेचारला स्वारगेटला पोचलो तेव्हा त्यातलं बरंचसं माझ्यासोबत बाकड्यावरच बसलेलं होतं.

बग सापडला तो इथे. डब्यावरची सूचना फक्त त्या डब्यापुरती खरी आहे. चहाचा कप आणि कॉफीचं मशीन यांवर तर आकडाच नसतो. बेरीज कुणीच करत नाही, आणि ती करू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे पिणारा. मित्राचं म्हणणं इथपर्यंत मला मान्य आहे. रात्री दोनला माझ्या बापाला किंवा सरकारला मी किती कप प्यायलो हे कळणार नाही.

पण बेरीज करायला आधी आकडे लागतात. २०१६ पूर्वी स्वतंत्र मानकच नव्हतं, तेव्हा पिणाऱ्यानं जबाबदारीनं वागायचं ते कशाच्या आधारावर? आणि स्वारगेटला शाळेच्या दप्तरासकट फ्रीजपुढे उभा असलेला, खिशात वीसची नोट असलेला पोरगा यातलं काहीही वाचत नाही. त्याच्या बाबतीत 'ज्याची त्याची जबाबदारी' म्हणणं ही पळवाट झाली. ती जबाबदारी विकणाऱ्याची, नियम करणाऱ्याची आणि आपली मोठ्यांची. मी मात्र २८ वर्षांचा इंजिनीअर आहे. मला ही सबब नाही.

चहाची आणखी एक सोय होती, ती आता जाणवते. तो गरम असतो, घोट घोट घ्यावा लागतो, गप्पा होतात, आणि अमृततुल्यवालाच कधीतरी म्हणतो, "बास झाला आता." थंडगार डबा एका दमात संपतो आणि त्याला तसं म्हणणारं कुणी नसतं. फुकट मशीनला तर नाहीच नाही.

असो. सध्या मी एक साधी गोष्ट करतो. फोनमध्ये दिवसाचे कप लिहितो, दुपारी चारनंतर कॅफीन बंद, आणि रिलीजच्या रात्री डबा नाही. रिलीजला उशीर झाला तर अर्धा तास डुलकी काढतो. मॅनेजरला आधी पटलं नाही, पण पहाटेच्या चुका कमी झाल्यावर तोही गप्प बसला. तुमच्यापैकी कुणाला हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा धडधडीसोबत छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर माझ्यासारखं बाकड्यावर बसून गाडीची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि वाचून झाल्यावर कालच्या दिवसाची बेरीज करून बघा. माझी आजची, हे लिहीपर्यंत, १२० झाली आहे. तीन कप, तिन्ही चहाचे. चौथ्याची फार इच्छा आहे, पण घड्याळात पावणेपाच झालेत.