पंधरा तास आणि एक नट

सावित्री महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूर आणि महाड मागे टाकते आणि दासगावपुढे खाडी होते. त्या खाडीत माझी जुनी फायबरची बोट होती. पूर्वी ती पाण्यावर स्की करणाऱ्यांना ओढायची. तिचं इंजिन पोटात. तिथून निघालेला एक इंची शाफ्ट तळाच्या भोकातून तिरका बाहेर जातो आणि टोकाला पंखा फिरवतो. त्या भोकातून पाणी आत येऊ न देण्याचं काम ग्लँडचं: शाफ्टभोवती ग्रॅफाइट दोरीचे वेढे, ते दाबणारा मोठा नट आणि त्याला जागेवर धरणारा चेकनट.

जूनचा पहिला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी बोट पावसाळ्यासाठी वर ओढायची होती. रात्रीचे तास मी नंतर, बोट बाहेर काढल्यावर दिसलेल्या खुणांवरून जुळवले आहेत.

दुपारी 2. बुडायला 15 तास.
पोलादपूरच्या डोंगरात पाऊस सुरू झाला. अशा पावसानंतर खाडीचं पाणी लाल होतं. त्यातली बारीक रेती ग्लँडमध्ये शिरली की दोरी झिजते आणि शाफ्टवर चरे पडतात.

सायंकाळी 5. 12 तास.
शेवटची फेरी. वाहून आलेली नायलॉनची दोरी पंख्यात अडकली आणि बोट थरथरली. मी इंजिन बंद करून दोरी कापली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. शाफ्ट किंचित वाकला असणार. तिथेच थांबायला हवं होतं.

6.15. पावणेअकरा तास.
धक्क्याला लागल्यावर इंजिनावरचं झाकण उघडलं. ग्लँडमधून मिनिटाला साठेक थेंब पडत होते. शाफ्ट फिरत असताना थोडे थेंब पडायलाच हवेत. तेच पाणी दोरीला गार ठेवतं. ग्लँड फार आवळली तर ती तापते आणि शाफ्ट खाते. थांबलेल्या शाफ्टवर मात्र गळती जवळपास बंद व्हायला हवी. साठ थेंब म्हणजे दिवसाला जेमतेम चार-साडेचार लिटर. एवढं पाणी बोटीतला बॅटरीवरचा पंप सहज बाहेर फेकतो, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

6.30. साडेदहा तास.
मोठा नट पाव फेरा आवळला आणि थेंब थांबले. चेकनट घट्ट करायला दुसरा पाना लागतो, कारण एकाने मोठा नट धरायचा आणि दुसऱ्याने चेकनट फिरवायचा. दुसरा पाना घरी होता. सकाळी करू, असं ठरवलं.

6.50. सव्वादहा तास उरले, जेमतेम.
ओहोटीत बोट टेकू नये म्हणून ती खोल पाण्यात न्यायची होती. दहा मिनिटं इंजिन चालवलं. त्या थरथरीत मोकळा नट मागे फिरत गेला. अंधारून आलं होतं, पाऊस आला होता. मी पुन्हा झाकण उघडलं नाही.

रात्री 11. 6 तास.
नट शेवटच्या आट्यांवरून निसटतो. कडक झालेल्या जुन्या दोरीला मागून दाब उरत नाही, ती बाहेर सरकते. पाण्याखाली 40 सेंटीमीटरवर एक चौरस सेंटीमीटरची फट असली तरी तिच्यातून मिनिटाला सुमारे 10 लिटर पाणी येतं. तासाला 600. पंप चालू होतो.

2.30. अडीच तास.
जुनी बॅटरी संपते, पंप थांबतो. मी घरी पावसाचा आवाज ऐकत झोपलेला असतो.

4.30. अर्धा तास.
बोटीत टनभराहून अधिक पाणी आहे. मागची बाजू खाली जाते, तशी फट आणखी खोल जाते. मग पाणी काठावरून आत येऊ लागतं.

पहाटे 5.
पाण्यावर दोराचा ताणलेला तुकडा तेवढा उरतो.

आठवड्याने बोट वर काढली. पोलादपूरचे मामा महाडच्या एमआयडीसीत पंपांचे फिटर होते. त्यांनी नट हातात घेतला. "दोरी किती वर्षांची?" मला सांगता आलं नाही. त्यांनी जुनी दोरी टोच्याने पार काढली. "नवी जुन्यावर कधी ठोकायची नाही, बाळा." प्रत्येक वेढा वेगळा, तिरका कापून त्यांनी बसवला आणि सांधे एकाखाली एक येऊ दिले नाहीत. मग शाफ्ट सरळ करून घ्यायला पाठवला. इंजिन मात्र खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं.

गळती मला दिसली होती, उपायही ठाऊक होता. मी तो अर्ध्यावर सोडला, आणि अर्धा आवळलेला नट न आवळलेल्या नटाहून घातक ठरला, कारण त्याने मला झोपू दिलं.

आता इंजिनाच्या झाकणाला आतून दोन पाने टांगलेले असतात, एकाच सुतळीला बांधलेले.